एक चौरस मीटरचा न्याय

इलाइट चौराहा हा झाशीतला सगळ्यात गजबजलेल्या चौकांपैकी एक. रेल्वे स्टेशन आणि जुने शहर यांच्या मधल्या भागात असल्यामुळे दिवसभर ऑटो, ई-रिक्षा, दुचाक्या आणि पायी चालणारे यांची इथे दाटी असते. दुकानांच्या रांगा, त्यांच्यासमोर लावलेल्या गाड्या, आणि या सगळ्यांतून उरलेल्या जागेत फळांचे, चाटचे, चहाचे ठेले. झाशी म्हटले की मराठी माणसाला किल्ला आठवतो. पण आजच्या झाशीला न्यायाची परीक्षा द्यावी लागते ती अशा चौकांत. नागपूरची सीताबर्डी, दादर स्टेशनबाहेरचा रस्ता किंवा पुण्याची तुळशीबाग यांच्यापुढचा प्रश्नही तोच आहे: जागा थोडी, मागणारे फार, तर कुणाला किती आणि ते ठरवायचे कुणी? बहुतेक शहरे याचे उत्तर एका शब्दात देतात, अतिक्रमण. नियम सगळ्यांना सारखा, रस्ता मोकळा झाला पाहिजे, हटवा. ऐकायला हे निःपक्षपाती वाटते. माझे म्हणणे असे आहे की सार्वजनिक जागेतला न्याय केवळ सारख्या नियमाने होत नाही. तो नियम ज्याच्या पोटावर येतो, त्याला तो ठरवताना बोलायला जागा होती का, यावर न्याय ठरतो. अशी जागा देणारा कायदा या देशाने २०१४ मध्ये केला, आणि एवढी वर्षे उलटूनही कितीतरी शहरांनी बोलण्याची ती खुर्ची रिकामी ठेवली आहे.

सारखा नियम तीन वेगवेगळ्या माणसांवर कसा पडतो, ते जरा जवळून पाहू. महापालिकेचे पथक चौकात येते तेव्हा दुकानदार पायरीपुढे मांडलेला माल आत ओढतो आणि पथक गेल्यावर पुन्हा बाहेर मांडतो. चुकीच्या जागी मोटार लावणारा फार तर दंड भरतो आणि संध्याकाळी आपल्याच गाडीतून घरी जातो. ठेलेवाल्याची मात्र गाडी, तराजू, छत्री आणि केळ्यांचे घड असे सगळे ट्रकमध्ये चढते. त्या केळ्यांसाठी अनेकदा पहाटे मंडीत उधारी किंवा दिवसाच्या व्याजाचे कर्ज घेतलेले असते, आणि ते संध्याकाळी फेडायचे असते. माल गोदामात दोन दिवस पडला की त्याची माती होते. कर्ज तसेच राहते. एकाच दिवशी, एकाच नियमाखाली झालेल्या कारवाईत एकाची दहा मिनिटे गेली, दुसऱ्याचे काहीशे रुपये गेले आणि तिसऱ्याचे भांडवलच संपले. कायदा करणाऱ्यांना हा फरक ठाऊक होता. म्हणूनच जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागणी केल्याच्या दिवशीच आणि बाकीचा माल दोन कामकाजी दिवसांत परत करावा, असे बंधन त्यांनी घातले. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर केळी होती. चौकात ट्रक घेऊन येणाऱ्या किती जणांना हे कलम सांगितलेले असते, हा प्रश्न प्रत्येक शहराने स्वतःला विचारावा.

या कायद्यामागे दीर्घ वाटचाल आहे. फेरीचा धंदा हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) खालचा व्यवसायाचा हक्क आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८९ मध्ये सोदनसिंग खटल्यात सांगितले. त्याआधी १९८५ मध्ये बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात मुंबईपुरती योजना आखण्याचा प्रयत्न झाला. २०१० मध्ये गेंदाराम खटल्यात न्यायालयाने सरकारला कायदाच करायला सांगितले, आणि अखेर २०१४ मध्ये पथविक्रेता अधिनियम आला. त्याची रचना लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. आधी शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचे सर्वेक्षण, मग प्रमाणपत्रे, मग विक्रीच्या जागांचा आराखडा, हा क्रम त्यात पक्का आहे. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही उठवायचे नाही. एखाद्याला हलवायचेच असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यायची. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे. सर्वेक्षण आणि आराखडा होईपर्यंत कुठलाही भाग ‘फेरीवाला निषिद्ध’ म्हणून जाहीर करायचा नाही. आणि जिथे गिऱ्हाइके आणि विक्रेते वर्षानुवर्षे आपसूक जमतात असा नैसर्गिक बाजार सर्वेक्षणात नोंदला गेला, तर तो निषिद्ध ठरवायचाच नाही. अस्वच्छतेचे कारणही, ती घाण केवळ विक्रेत्यांमुळेच झालेली असेल आणि महापालिकेच्या साध्या कामाने दूर होत नसेल, तरच चालते. झाशी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे पाच लाख होती. अडीच टक्क्यांनी हिशेब केला तर साडेबारा हजार विक्रेत्यांना जागा देण्याचा विचार त्या शहराने करावा, अशी कायद्याची अपेक्षा निघते. ‘एवढ्या सगळ्यांना कुठे बसवणार?’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘किती आहेत?’ हे मोजायचे असते, आणि कायद्याने तोच क्रम लावला आहे.

तरीही या कायद्याचा प्राण मला सर्वेक्षणापेक्षा त्याच्या समितीत दिसतो. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, तिचे अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी असावेत, आणि तिच्यातले किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत. त्यांच्यात एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि अपंग विक्रेते यांनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. म्हणजे ज्या माणसाची गाडी काल ट्रकमध्ये चढली, तोच माणूस उद्या आयुक्तांसमोर बसून चौकाच्या नकाशावर बोट ठेवील. ही सरकारने दाखवलेली दया नव्हे. चौकात सकाळी सहा ते रात्री दहा कुठे गर्दी होते, कुठे पाणी तुंबते, कुठल्या वळणावर ऑटो थांबतो आणि कुठे थांबायला हवा, याची माहिती त्याच्याइतकी कुठल्याही सल्लागार कंपनीकडे नसते. त्या माहितीला प्रशासनात वाट मिळावी, यासाठी ही खुर्ची आहे.

समितीत कोण बसते यावर समितीपुढे कुठले प्रश्न येतात हे ठरते. यासाठी महाराष्ट्राचेच एक उदाहरण पुरेसे आहे. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांना मुतारीसाठी पैसे पडत नव्हते, आणि त्याच स्वच्छतागृहांत स्त्रियांकडून मात्र पैसे घेतले जात होते. नियम लिहिणाऱ्याने स्त्रियांवर अन्याय करायचा असे ठरवले नव्हते. मुतारी मोफत, शौचकूपाला शुल्क, असा सरळ सारखा नियम होता, आणि स्त्रियांसाठी मुतारी नावाची सोयच नव्हती. दिवसाचे बारा तास चौकात भाजी विकणारी बाई या नियमामुळे पाणीच कमी पिते, मूत्रमार्गाचे आजार अंगावर काढते, हे नगरनियोजनाच्या कुठल्याही तक्त्यात दिसत नव्हते. झोपडपट्ट्यांतल्या आणि वस्त्यांतल्या स्त्रियांनी मोजणी केली, सह्या गोळा केल्या, तेव्हा ते दिसले. पुढे ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश दिले. इतका साधा प्रश्न सुटायला आंदोलन आणि न्यायालय लागले, कारण जिथे निर्णय होत होता त्या खोलीत तो विचारणारी बाई नव्हती. पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणाऱ्या कलमाकडे मी याच नजरेने पाहतो.

खुर्चीने खरोखर फरक पडतो का, याचा पुरावा पंचायतींनीही दिला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर काही गावांत सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झाले आणि काही गावांत नाही, आणि कुठली गावे ते फिरत्या क्रमाने ठरत होते. त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना तुलना करणे शक्य झाले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवून दिले की स्त्री प्रमुख असलेल्या पंचायती त्या त्या भागातल्या स्त्रियांनी मांडलेल्या गरजांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च करतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम बंगालमधल्या आणखी एका अभ्यासात, दोन कार्यकाळ स्त्री प्रमुख पाहिलेल्या गावांत मुलगा-मुलगी यांच्या शिक्षणातली दरी मिटल्याचे आढळले. झाशी ज्या बुंदेलखंडात येते, त्या बुंदेलखंडातच चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू झाले. ते चालवणाऱ्या बहुतांश स्त्रिया दलित होत्या आणि त्यांनी बुंदेलीतून गावच्या बातम्या लिहिल्या. तोवर त्या भागातल्या बातम्यांत हातपंप बंद पडल्याची बातमी क्वचितच असे. बातमी काय, हे ठरवणाऱ्यांच्या घरचा हातपंप चालू होता. जो माणूस खोलीत येतो, तो आपला प्रश्न सोबत घेऊन येतो.

अर्थात कागदावरच्या कलमाने दार उघडत नाही, हे महाराष्ट्राइतके कुणाला ठाऊक असणार? सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला आणि सरकारी पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. त्या दिवसापासून मार्च १९२७ पर्यंत चवदार तळे कायद्याने सगळ्यांचे होते, आणि तरीही त्या पाण्याला हात लावायची कुणा अस्पृश्याची छाती होत नव्हती, कारण पाणी प्यायले की मार पडेल हे सगळ्यांना ठाऊक होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ ला लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि त्या दिवशी त्यांच्यावर हल्ले झाले. त्यानंतर नगरपालिकेने काय केले, ते आजही वाचून राग येतो: त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने आपला खुला करणारा ठरावच मागे घेतला. कज्जा चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. बोले यांच्या ठरावापासून निकालापर्यंत जवळपास चौदा वर्षे गेली. महाडच्या नगरपालिकेने कायद्याला कधी उघड नकार दिला नाही. तिने ठराव केला, तो अंमलात आणला नाही, आणि लोक स्वतःहून आले तेव्हा तो मागे घेतला. पथविक्रेता कायद्याच्या बाबतीत अनेक शहरे आज याच वाटेने चालत आहेत.

मुंबईचे उदाहरण घेऊ, कारण तिथले आकडे उघड आहेत. कायदा आला त्याच वर्षी, २०१४ मध्ये, मुंबई महापालिकेने सर्वेक्षण केले आणि सुमारे ९९ हजार विक्रेत्यांनी अर्ज भरून दिले. पुढे अधिवास प्रमाणपत्रासह कागदपत्रांच्या अटी लागल्या आणि यादी आटत गेली. समितीवर विक्रेत्यांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, कायद्याला दहा वर्षे झाल्यावर. आणि त्या मतदारयादीत नावे होती सुमारे ३२ हजार. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. अडीच टक्क्यांचा हिशेब तीन लाखांच्या पुढे जातो. त्या तीन लाखांच्या मर्यादेच्या मानाने ३२ हजार मतदार म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. यादीतून गळालेले लोक नाहीसे झालेले नाहीत. ते आजही विकत आहेत, फक्त त्यांना मत नाही, प्रमाणपत्र नाही, आणि म्हणून पथक आले की बोलायला तोंड नाही. मोजणी अवघड आहे, ही सबब मला पटत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम स्वनिधी योजना आणली, विक्रेत्यांना तारणाशिवाय दहा हजार रुपयांचे पहिले कर्ज द्यायचे ठरले, तेव्हा प्रमाणपत्र नसलेल्यांनाही महापालिकांनी शिफारसपत्रे दिली आणि देशभर लाखो विक्रेत्यांची नोंद झाली. ज्याला कर्ज देताना ओळखता येते, त्याला जागा देतानाही ओळखता आले पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यात वजनदार आक्षेप पायी चालणाऱ्यांचा आहे आणि तो मी मोडीत काढणार नाही. फूटपाथ चालण्यासाठी असतो. आजी, शाळकरी मुले, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, पांढरी काठी घेऊन चालणारी अंध मुलगी, यांना ठेल्यामुळे रस्त्यावर उतरावे लागले तर तोही अन्यायच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करणे बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता सक्तीचे करावेत, असा आदेश दिला. तेव्हा चाकाची खुर्ची आणि हातगाडी यांच्यात भांडण लावून देणे सोपे आहे. पण चौकातल्या जागेचा हिशेब मांडा. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांसाठी एक मीटर बाय एक मीटर इतकी जागा सांगितली होती. एका मोटारीला उभे राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात, आणि आपल्या शहरांत रस्त्याकडेची ही जागा बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. एका फुकट उभ्या मोटारीच्या जागेत बारा विक्रेते बसू शकतात, आणि फूटपाथही मोकळा राहतो. चौक अरुंद करणाऱ्यांत मोटारीचा वाटा मोठा आहे. पण मोटारवाल्याची तक्रार करणारा अर्ज महापालिकेत क्वचित येतो, ठेलेवाल्याच्या तक्रारी मात्र रोज येतात. अंध मुलगी आणि ठेलेवाला दोघेही समितीत बसले, तर ते आधी एकमेकांशी भांडतील हे खरे आहे. पण थोड्याच वेळात दोघांचेही बोट त्या मोटारीकडे वळेल, असे मला वाटते.

गर्दीच्या भीतीतून आलेले निर्णय किती घाईचे असतात, हे २०१७ मध्ये दिसले. २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. पाऊस होता, पूल अरुंद होता, वर्षानुवर्षे प्रवासी रुंद पूल मागत होते. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईभर सर्वाधिक जोर चढला तो स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्यांना हटवण्याला, मारहाणीसकट. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत विक्री नको, असा निर्णय दिला. माणसे मेली त्या जागी मात्र उपाय निघाला तो लष्कराने बांधलेल्या नव्या पुलाचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. स्टेशनच्या तोंडाशी विक्री नसावी, हे मला मान्य आहे. आपत्तीत वाट मोकळी असलीच पाहिजे. पण दुर्घटनेचे मूळ पुलात असताना राग निघाला तो ज्याच्याकडे मत नाही, प्रमाणपत्र नाही अशा माणसावर. जो खोलीत नसतो, दोष त्याच्या माथी मारणे सगळ्यात सोपे असते.

दुसरा आक्षेप दुकानदाराचा. तो भाडे भरतो, मालमत्ता कर भरतो, जीएसटी भरतो, आणि त्याच्याच दारात कर न भरणारा माणूस तीच वस्तू स्वस्तात विकतो. यात तथ्य आहे. पण उत्तर कायद्यातच आहे: प्रमाणपत्र मिळालेल्या विक्रेत्याने विक्रीशुल्क भरायचे, देखभालीचे पैसे भरायचे, ठरलेल्या जागेत आणि ठरलेल्या वेळेत बसायचे. आज बेकायदा ठरवलेल्या विक्रेत्यालाही पैसे द्यावे लागतातच. ते हप्त्याच्या रूपाने जातात आणि त्यांची पावती मिळत नाही. त्याला कायदेशीर केले तर तोच पैसा पालिकेच्या तिजोरीत येईल आणि त्यातून कचऱ्याची, पाण्याची, स्वच्छतागृहाची सोय होऊ शकेल. दुकानदाराच्या न्याय्य तक्रारीचा उपाय विक्रेत्याच्या नोंदणीत आहे. त्याला अंधारात ठेवण्याने दुकानदाराचेही भले होत नाही.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रात जास्त ऐकू येतो, आणि झाशीचे नाव घेतले असताना तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फेरीवाले बाहेरून येतात, उत्तर प्रदेशातून येतात, त्यांना इथे जागा का? झाशीचा इतिहास मराठी वाचकाला याबाबत थोडे थांबायला लावणारा आहे. अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल बुंदेलखंडात आला, नारोशंकरांनी झाशीचे शहर वसवण्यात मोठा वाटा उचलला, पुढे रत्नागिरीकडचे नेवाळकर तिथले सुभेदार आणि राजे झाले. त्यांच्याबरोबर भिक्षुक, कारकून, शिपाई, व्यापारी अशी किती मराठी कुटुंबे तिथे गेली आणि तिथलीच झाली. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईहून उत्तरेत गेले ते दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून, आणि १८५८ च्या वेढ्यात ते झाशीत होते. पोटासाठी दूर जाणे हे काही उत्तर प्रदेशाचेच नशीब नाही. शिवाय मुंबईच्या फूटपाथवर बसणाऱ्यांत सातारा, बीड, लातूरहून आलेल्या मराठी स्त्री-पुरुषांची संख्याही लहान नाही, आणि कागदपत्रांच्या अटींनी त्यांच्यातले कितीतरी बाहेर राहिले, कारण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे पंधरा वर्षांचा पुरावा सहसा नसतो. जुने विक्रेते आधी, नवे नंतर, असा क्रम लावणे वाजवी आहे आणि सर्वेक्षण त्यासाठीच असते. पण तो क्रम विक्रीच्या वर्षांवरून लागावा.

शेवटचा आक्षेप समितीवर विश्वास नसणाऱ्यांचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, खुर्ची दिली तरी तिच्यावर नेता बसतो. सरपंचपद बाईचे आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण पाहिले. विक्रेत्यांच्या नावावर युनियनचे दादा निवडून येतील, चौकातल्या जागा विकतील, म्हातारी भाजीवाली तिथेही बाजूलाच राहील. हा धोका खरा आहे. पंचायतींच्या बाबतीतही सुरुवातीला हेच घडले आणि आजही काही ठिकाणी घडते. तरी दुसऱ्या-तिसऱ्या कार्यकाळात कितीतरी गावांत बाई स्वतः ग्रामसभेत बोलू लागली, कारण खुर्ची तिची होती आणि ती कुणी काढून घेऊ शकत नव्हते. दादांच्या भीतीने समितीच न नेमणे म्हणजे दादांचेच राज्य चालू ठेवणे. समिती नसताना जागा कोण वाटते, हे चौकातल्या कुठल्याही ठेलेवाल्याला विचारा. उपाय बंदोबस्ताचा आहे. सर्वेक्षणातली नावे आणि मतदारयादी वॉर्डाच्या कार्यालयाबाहेर लावायची; बैठकीचे इतिवृत्त त्या शहराच्या भाषेत छापायचे आणि झाशीत ते हिंदीतच नाही तर विक्रेत्यांसमोर बुंदेलीत वाचूनही दाखवायचे; बैठक दुपारी दोन ते चारच्या मंदीच्या वेळात ठेवायची, म्हणजे भाजीवालीला धंदा बुडवून यावे लागणार नाही; तिला त्या दिवसाचा भत्ता द्यायचा. इलाइट चौराह्यासारख्या चौकाचा नवा नकाशा निघेल तेव्हा, त्यावर सही होण्याआधी तो याच बैठकीत मांडून, ठेल्यांच्या खुणा, मोटारींच्या खुणा, उताराची पायवाट आणि स्त्रियांचे स्वच्छतागृह एकाच कागदावर दाखवून चर्चेला ठेवता येईल. यातल्या कशासाठीही नवा कायदा लागत नाही. आयुक्तांच्या एका परिपत्रकाने हे उद्या सुरू होऊ शकते.